दुसरा मॉनिटर जोडताना: वाचकांचे प्रश्न

या वेळचे प्रश्न ऑफिसच्या कॉम्प्युटरला एकाहून जास्त मॉनिटर जोडण्याचे आहेत. उत्तरं वाचण्याआधी टेबलाखाली वाकून कॅबिनेटच्या मागच्या बाजूचा मोबाइलवर एक फोटो काढा, मॉनिटरच्या मागचाही काढा. दुकानात जाताना हे दोन फोटो जवळ असले की निम्मी चुकीची खरेदी टळते. यातल्या बहुतेक तक्रारींत मॉनिटर बिचारा ठणठणीत असतो, घोळ पोर्टचा नाहीतर केबलचा असतो.

नाशिकला कॅनडा कॉर्नरला कर सल्लागाराचं ऑफिस आहे. असेंबल केलेला डेस्कटॉप, आत ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवरचं चित्र तयार करणारं वेगळं कार्ड). नवा मॉनिटर कार्डाच्या एचडीएमआयवर चालतो. जुना मॉनिटर वरच्या व्हीजीए पोर्टला लावला की 'नो सिग्नल' येतं. तोच मॉनिटर दुसऱ्या मशीनवर व्यवस्थित चालतो. काय करावं?

तुमच्या कॅबिनेटमागे व्हिडिओची पोर्ट दोन ठिकाणी आहेत. यूएसबी, लॅन आणि स्पीकरच्या पिना जिथे आहेत त्या उभ्या पट्टीतली पोर्ट मदरबोर्डची, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डाची. खाली आडव्या पत्र्यात आहेत ती ग्राफिक्स कार्डाची. कार्ड बसवलं की बरेचसे मदरबोर्ड स्वतःची व्हिडिओ पोर्ट आपोआप बंद करतात. म्हणून वरच्या व्हीजीएला काहीच मिळत नाही.

सरळ उपाय म्हणजे दोन्ही मॉनिटर कार्डालाच लावा. कार्डावर एचडीएमआयशेजारी बहुधा डिस्प्लेपोर्ट किंवा डीव्हीआय असेल. अडचण जुन्या मॉनिटरची, कारण त्याला फक्त व्हीजीए आहे. व्हीजीए अ‍ॅनालॉग, एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट डिजिटल. त्यामुळे एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्याला व्हीजीए अशी नुसती वायर चालत नाही, मधे चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. डिस्प्लेपोर्ट ते व्हीजीए कन्व्हर्टरही मिळतो, तुमच्या कामाला तो घ्या. डीव्हीआय असेल तर सॉकेटमध्ये नीट पाहा. आडव्या चपट्या फटीभोवती चार बारीक भोकं असतील तर ते डीव्हीआय-आय, त्यात अ‍ॅनालॉग सिग्नलही असतो, म्हणून साध्या जोडपिनेने व्हीजीए निघतो. नुसती फट असेल तर डीव्हीआय-डी, त्यातून निघत नाही.

कन्व्हर्टर घेताना दिशा विचारा. डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे जाणारा उलटा लावून चालत नाही. कॉम्प्युटरला एचडीएमआय आणि मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट अशी स्थिती असेल तर वेगळा, बहुधा यूएसबीवरून वीज घेणारा कन्व्हर्टर लागतो आणि तो महागही असतो. दिसायला दोन्ही सारखेच, त्यामुळे पाकिटावर लिहिलेलं वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

पुढे तिसरा मॉनिटर हवा झाला आणि कार्डावर जागा उरली नाही, तर मदरबोर्डची पोर्ट जागी करता येतात. मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ २ दाबून बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगच्या पानावर) जा. मदरबोर्डप्रमाणे 'आयजीपीयू मल्टी-मॉनिटर', 'आयजीडी मल्टी-मॉनिटर' किंवा 'इंटरनल ग्राफिक्स' असा पर्याय दिसेल. तो 'एनेबल्ड' करा आणि एफ १० दाबून सेव्ह करा. पण त्याआधी प्रोसेसरचा नंबर बघा. इंटेलच्या नंबरामागे एफ असेल, उदाहरणार्थ आय ५-१२४००एफ, तर त्यात चित्र तयार करणारं ग्राफिक्सच नाही. मग मदरबोर्डवरचं एचडीएमआय शोभेचं. रायझन ५६०० चंही तसंच. ५६००जी असेल तर चालेल.

तुमच्या कामासाठी आणखी एक. दुसरा मॉनिटर फक्त विवरणपत्रं आणि पीडीएफ बघायला असेल तर तो उभा करून बघा. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये 'ओरिएंटेशन' 'पोर्ट्रेट' केलं की ए-४ चं अख्खं पान एका नजरेत येतं. मात्र टीएन पॅनलचा स्वस्त मॉनिटर उभा केला की बाजूने रंग फिके दिसतात, त्यासाठी आयपीएस पॅनल हवा. आणि ऑफिसात अजून एक्सेल २०१० असेल तर दोन फाइली एकाच खिडकीत अडकतात, दोन स्क्रीनवर सहज विभागता येत नाहीत. २०१३ पासून प्रत्येक फाइल स्वतंत्र खिडकीत उघडते.

एम. जी. रोडवरून एचडीएमआय स्प्लिटर आणला. दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र येतं. एक्स्टेंड, म्हणजे दोन्हींवर वेगवेगळं चित्र, कसं करायचं?

स्प्लिटरने ते होणारच नाही. स्प्लिटर एका सिग्नलच्या दोन प्रती काढतो आणि विंडोजला एकच मॉनिटर जोडल्यासारखं दिसतं. दुकानातल्या टीव्हींवर एकच जाहिरात दाखवायची असेल तर तो कामाचा, तुमच्या कामाचा नाही. परत करता आला तर करा.

दोन मॉनिटर दोन वेगवेगळ्या पोर्टना लावा. मग विंडोजची कळ दाबून ठेवून पी दाबा आणि 'एक्स्टेंड' निवडा. 'डुप्लिकेट' निवडलं असेल तर तेव्हाही एकच चित्र दिसतं, त्यामुळे आधी हे तपासलेलं बरं. दुसरं पोर्टच नसेल तर यूएसबी ते एचडीएमआय अडॅप्टर मिळतो. डिस्प्लेलिंक चिपचा असेल तर त्याचा ड्रायव्हर टाकावा लागतो. चित्र प्रोसेसर तयार करून यूएसबीवरून पाठवतो, म्हणून टॅली, ईमेल, ब्राउझर ठीक चालतात, पण थ्रीडी ड्रॉइंग किंवा व्हिडिओ एडिटिंग त्यावर लादू नका.

अंबडला फॅब्रिकेशनचं डिझाइन ऑफिस आहे. २७ इंची फोर-के मॉनिटरवर ऑटोकॅड आणि शेजारी जुना २४ इंची फुल एचडी. तीन त्रास आहेत: माउस मधेच अडकतो, खिडकी दुसऱ्या स्क्रीनवर नेली की अक्षरं अस्पष्ट होतात आणि मोठ्या मॉनिटरवर माउस झटके देत फिरतो.

शेवटचा त्रास आधी घेऊ, कारण तो केबलमधला किंवा पोर्टमधला आहे. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले' उघडून रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा ताजं होतं, ते बघा. बहुधा ३० हर्ट्झ असेल. एचडीएमआय १.४ फोर-के चित्र ३० हर्ट्झपर्यंतच नेतं. ६० साठी कॉम्प्युटर, केबल आणि मॉनिटर तिघेही एचडीएमआय २.० चे हवेत. त्यापेक्षा डिस्प्लेपोर्टची केबल टाका. डिस्प्लेपोर्ट १.२ पासून फोर-के ६० हर्ट्झवर मिळतं, आणि ऑफिसात पडून असलेल्या जुन्या एचडीएमआय केबलींत कुठली कसली हे शोधत बसावं लागत नाही. केबल बदलल्यावर रिफ्रेश रेट हाताने ६० करा, तो नेहमीच आपोआप वर चढतो असं नाही. काही मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत एचडीएमआयचं व्हर्जनही बदलावं लागतं.

आता माउस. विंडोज मॉनिटरची मांडणी पिक्सेलवर मोजतं, इंचावर नाही. फोर-के ची उंची २१६० पिक्सेल, फुल एचडीची १०८०. म्हणजे मोठ्या स्क्रीनच्या अर्ध्याच कडेला पलीकडे जायला दार आहे, उरलेल्या अर्ध्यात भिंत. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये 'आयडेंटिफाय' दाबा, स्क्रीनवर १ आणि २ असे आकडे दिसतील. मग चौकोन ओढून टेबलावर जसे ठेवले आहेत तसे लावा आणि लहान चौकोन उंचीच्या मध्यावर आणा, म्हणजे माउस नेहमी जिथून ओलांडता तिथे दार येईल. विंडोज ११ मध्ये 'मल्टिपल डिस्प्लेज' खाली 'ईज कर्सर मूव्हमेंट बिटवीन डिस्प्लेज' असा पर्याय आहे, तो चालू केला की अडकणं जवळजवळ संपतं.

अस्पष्ट अक्षरं स्केलमुळे, म्हणजे डिस्प्ले सेटिंग्जमध्ये अक्षरं किती टक्के मोठी दाखवायची त्या आकड्यामुळे. फोर-के ला १५० टक्के आणि फुल एचडीला १०० ठेवा. नवे प्रोग्राम स्क्रीन बदलली की स्वतःला जुळवून घेतात, जुने घेत नाहीत. जुन्या प्रोग्रामच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज' असं जा आणि खालच्या चौकटीत खूण करून 'सिस्टिम (एनहान्स्ड)' निवडून पाहा. यानेही भागलं नाही तर तो प्रोग्राम मुख्य मॉनिटरवरच ठेवा, उगाच भांडत बसू नका. मुख्य कोणता ते 'मेक धिस माय मेन डिस्प्ले' ने ठरतं.

ऑटोकॅड २०२२ किंवा नंतरचं असेल तर ड्रॉइंगचा टॅब धरून ओढला की तो वेगळ्या खिडकीत सुटतो आणि दुसऱ्या स्क्रीनवर नेता येतो. जुन्या आवृत्तीत निदान प्रॉपर्टीज आणि लेयरचे पॅलेट तरी लहान स्क्रीनवर हलवा.

पुढे कधी नवा मॉनिटर घ्यायचा झाला तर दोन्ही एकाच आकाराचे आणि एकाच रिझोल्यूशनचे घ्या. एक भारी आणि एक जुना यापेक्षा दोन मध्यम बरे, रोजच्या डोळ्यांच्या ताणात फरक कळतो.

नाशिक रोडच्या ऑफिसात लॅपटॉपला टाइप-सी ते एचडीएमआय लावलं. चार्जिंग होतं, चित्र येत नाही.

टाइप-सी हा फक्त सॉकेटचा आकार आहे. त्यातून चित्र बाहेर पडायचं तर त्या पोर्टला डिस्प्लेपोर्टची सोय हवी. पोर्टजवळ डिस्प्लेपोर्टचा इंग्रजी डी आणि पी गुंफलेला छाप किंवा थंडरबोल्टची वीज दिसली तर सोय आहे. नुसती यूएसबीची खूण असेल तर लॅपटॉपच्या मॉडेलची माहिती बघा. फोनच्या चार्जरसोबतची टाइप-सी वायरही बऱ्याचदा चित्र नेत नाही. पोर्टमध्ये सोयच नसेल तर वर सांगितलेला डिस्प्लेलिंक अडॅप्टर घ्या. मॅकबुक एअर एम १ किंवा एम २ असेल तर त्याला थेट एकच बाहेरचा मॉनिटर जोडता येतो. डॉक (जास्तीची पोर्ट देणारी डबी) आणून दुसरा जोडता येईल असं कोणी सांगितलं तर तो डिस्प्लेलिंकचा आहे का, एवढंच विचारा.

लासलगावला कांदा खरेदीचं ऑफिस आहे. एका स्क्रीनवर भाव, दुसऱ्यावर हिशेब. वीज गेली की कॉम्प्युटर यूपीएसवर चालू राहतो, पण दुसरा मॉनिटर बंद पडतो. यूपीएस मोठा घ्यावा का?

आधी दुसऱ्या मॉनिटरची पिन कुठे आहे ते बघा. बहुधा भिंतीच्या सॉकेटात असेल. २४ इंची एलईडी मॉनिटर साधारण २० ते ३० वॉट घेतो. साध्या ऑफिस डेस्कटॉपला १०० ते १५० वॉट धरा. दोन मॉनिटरसह सगळं मिळून २०० च्या आसपास. ६०० व्हीएच्या यूपीएसवर साधारण ३६० वॉट निघतात, म्हणजे भार पेलतो, फक्त चालण्याची मिनिटं कमी होतात. फाइल सेव्ह करून बंद करायला ती पुरतात. यूपीएस तीन वर्षांहून जुना असेल तर नवा घेण्याआधी बॅटरी बदला. लेझर प्रिंटर यूपीएसवर अजिबात लावू नका, तापताना तो एकदम मोठा करंट ओढतो.

आणि अर्थिंग तपासा. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर दोन मॉनिटर दोन वेगळ्या सॉकेटवर ठेवून चालू मशीनवर एचडीएमआय काढ-घाल करणं म्हणजे पोर्ट जाळून घेणं. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग करून घ्या, सगळं एकाच बोर्डावर घ्या आणि वायर जोडताना दोन्हीकडची वीज बंद ठेवा.

टेबल चार फुटी आहे. दोन मॉनिटर बसतील का? आर्म (मॉनिटर धरणारा, टेबलाला लावायचा दांडा) घ्यावा का?

२४ इंची मॉनिटर साधारण ५४ सेंटिमीटर रुंद, दोन म्हणजे १०८. चार फूट म्हणजे १२२. बसतात. आर्म घेताना मॉनिटरमागे चार स्क्रूची भोकं आहेत का बघा, ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतराची. क्लॅम्प काचेच्या टेबलाला लावू नका, पार्टिकल बोर्ड असेल तर खाली पट्टी द्या. जास्त काम ज्यावर तो समोर, दुसरा किंचित वळवून, वरची कड डोळ्यांच्या रेषेत.

मॉनिटर बंद करून चालू केला की सगळ्या खिडक्या एकाच स्क्रीनवर गोळा होतात. एक प्रोग्राम तर उघडल्यावर दिसतच नाही.

डिस्प्लेपोर्टवर हे जास्त होतं. बटण दाबून मॉनिटर बंद केला की विंडोज तो काढून टाकला असं समजतं. विंडोज ११ मध्ये 'मल्टिपल डिस्प्लेज' खाली 'रिमेंबर विंडो लोकेशन्स' वर खूण करा. जेवायला जाताना बटण न दाबता विंडोजची कळ आणि एल दाबून स्क्रीन लॉक केलेली चांगली. हरवलेल्या प्रोग्रामवर टास्कबारमधून क्लिक करा, ऑल्ट आणि स्पेस दाबा, मग एम, मग कुठलीही बाणाची कळ एकदा, आणि माउस हलवा. खिडकी माउसला चिकटून येते.