लेकीच्या इंग्रजीचं विचारणाऱ्या उदगीरच्या ताईंना

ताई, सातवीतल्या लेकीला घेऊन तुम्हाला इकडं ऑस्ट्रेलियात न्यूकॅसलला यायचंय. तिचं इंग्रजी पुरेल का, एकटं वाटतं का, असं विचारलंत. व्हिसाचं सरकारी साइटवर आहे. एकटं वाटतं, सवय होते.

शाळेचं मात्र सांगते. आम्ही 2016 च्या जूनमध्ये लातूर सोडलं. त्याच एप्रिलात दुष्काळामुळं मिरजेहून पाण्याची रेल्वे आली होती. लेक तेव्हा तिसरीत. इथं सहा महिन्यांत ती फाडफाड बोलायला लागली, म्हणजे इंग्रजीची काळजी नकोच.

2019-20 च्या उन्हाळ्यात इथली जंगलं पेटली. शाळा उघडली तेव्हा वर्गात हवामानबदलाबद्दल बोलताना वापरायच्या इंग्रजी शब्दांची यादी दिली: मेगाफायर, इको-अँक्झायटी, क्लायमेट इमर्जन्सी, सोलास्टॅल्जिया. हा शेवटचा आमच्या भागातलाच. ग्लेन अल्ब्रेख्त या तत्त्वज्ञानं तो 2003 मध्ये घडवला. इथल्या हंटर खोऱ्यात कोळशाच्या उघड्या खाणींनी लोकांची रानं ओळखू येईनाशी केली होती. घर सुटलेलं नाही, पण घरात बसूनच घरासाठी जीव तुटतो, ते हे दुखणं.

स्वतःच्या घराबद्दल लिहा, असं सांगितलं होतं. लेकीनं आजोबांचं लिहिलं. आदल्या ऑक्टोबरात औशाकडं पाऊस थांबतच नव्हता, काढून ठेवलेल्या सोयाबीनच्या बनिमीला कोंब फुटले. आबा फोनवर म्हणाले होते, "ओला दुष्काळ हाय, बाई." पोरीनं लिहिलं, 'वेट ड्राउट'. शिक्षिकेनं त्यावर लाल रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, दुष्काळ ओला नसतो.

कसा नसतो? पाण्यावाचून गेलेलं पीक आणि पाण्यात गेलेलं पीक, घरात यायचं ते दोन्हीकडून गेलंच ना. ही रेघ मला अजून खुपते. पण ताई, शिक्षिकेला काय बोलायचं, घरी येऊन मीच पोरीला म्हणाले, "खोड ते. त्या सांगतात तसं लिही." शाळेत जाऊन समजावायला हवं होतं. गेले नाही, कारण चार वर्षं झाली तरी त्यांच्यासमोर माझं इंग्रजी अडेल याची भीती वाटली. तिनं मुकाट्यानं खोडलं. त्यानंतर आबांचा एकही शब्द तिनं शाळेत नेला नाही. आता त्यांचा फोन आला की "हो आबा, बरं आबा" एवढंच बोलते. आबा विचारतात, पोरगी आजारी हाय का?

तुमच्या लेकीला अवकाळी, टंचाई, पैसेवारी हे सगळं घरात ऐकून माहीत असेल. तिच्या वहीत त्यावर रेघ आली तर त्याच आठवड्यात शाळेत जा. इंग्रजी मोडकं असलं तरी जा. एकट्यानं जायला धीर होत नसेल तर मला बोलवा, मी तुमच्याबरोबर येते.