'ताल्यातेल्ले' या पास्त्याच्या नावाचा अर्थ काय? ते कुठून आलं?

ताल्यातेल्ले म्हणजे 'कापलेल्या पट्ट्या'; हे नाव 'ताल्यारे' (कापणे) या इटालियन क्रियापदावरून आलं आहे. गव्हाच्या पिठात अंडी घालून मळतात, मोठी पातळ पोळी लाटतात, तिची गुंडाळी करून सुरीने पट्ट्या कापतात. नावात ही कृतीच आहे. इटलीतल्या बोलोन्या शहराला या पास्त्याचा फार अभिमान. तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये १९७२ साली त्याची रुंदीसुद्धा नोंदवली गेली: शिजल्यावर ८ मिलिमीटर. मात्र १४८७ मध्ये लुक्रेझिया देस्ते या इटालियन राजघराण्यातल्या तरुणीच्या लग्नात तिचे सोनेरी केस पाहून आचाऱ्याला हा पास्ता सुचला, ही गोष्ट इतिहास म्हणून सांगू नका. ती आउगुस्तो मायानी या चित्रकाराने विसाव्या शतकात रचली.