पूर्वजांचं दुसरं लग्न शोधताना

पणजोबांच्या नावापुढे दोन बायका दिसल्या, म्हणून लगेच दुसऱ्या लग्नाची तारीख शोधायला धावू नका. आधी मुलांच्या जन्मनोंदी क्रमाने लावा आणि प्रत्येकीत आईचं माहेरचं नाव बघा. ते जिथे बदलतं, त्याच्या आधीच्या वर्षांत पहिल्या पत्नीची मृत्यूनोंद किंवा घटस्फोटाची कागदपत्रं शोधा. लग्नाच्या नोंदीत ‘विधुर’ किंवा ‘विधवा’ हा शब्द सापडला तर तो फार मोलाचा! नवरी विधवा असेल तर तिचं आडनाव माहेरचं नसून आधीच्या नवऱ्याचं असू शकतं. मी इथेच चुकून कित्येक महिने भलत्याच घराण्यामागे फिरलो. अमेरिकेच्या १९१० च्या जनगणनेत तर दुसऱ्या किंवा त्यानंतरच्या लग्नासाठी ‘एम२’ अशी खूणच आहे. मृत्युपत्रातली सावत्र मुलांची नावंही नीट वाचा.