रंकाळा आधी की पंचगंगा?

प्रश्न : येत्या कार्तिकात सत्तरी ओलांडलेली आई, पत्नी आणि दहा वर्षांचा मुलगा यांच्यासह मी अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापूरला येत आहे. दर्शनानंतर एक पूर्ण दिवस हाताशी राहतो. जोतिबाच्या पायऱ्या आईला झेपणार नाहीत, म्हणून तो दिवस शहरातच पाण्याकाठी घालवावा असे आम्ही ठरवले आहे. मात्र ज्याला विचारावे तो ‘संध्याकाळी रंकाळा तलावावर भेळ खा’ एवढेच सांगतो. त्यापलीकडे काही पाहण्यासारखे आहे का, आणि पंचगंगा घाटावर वृद्ध माणसाला न्यावे का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : आईंना घाटावर अवश्य न्यावे, आणि दिवसाची सुरुवात तिथूनच करावी. बाहेरगावचे बहुतेक पाहुणे रंकाळ्यावरूनच माघारी फिरतात, याची आम्हा कोल्हापूरकरांना मनापासून रुखरुख वाटते. कारण हे गाव मुळात वसले ते नदीच्या काठी. घाटाला लागूनच ब्रह्मपुरीची टेकडी आहे. तिथे १९४५-४६ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी केलेल्या उत्खननात सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली. याच ब्रह्मपुरीत मिळालेल्या काशाच्या वस्तूंमध्ये पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची एक लहानशी मूर्ती होती. समुद्रापासून इतक्या दूर, सह्याद्रीच्या अलीकडे, या नदीकाठच्या गावात ती व्यापाराच्या वाटेने आली असावी. ती आज टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. टेकडी पाहून तिथे गेल्यास मुलाला त्या मूर्तीचे मोल आपोआप कळेल. फक्त सोमवारी संग्रहालय बंद असते, हे ध्यानात ठेवून दिवस निवडावा.

अंबाबाईच्या देवळापासून घाटापर्यंत रिक्षाने गंगावेशीतून, शुक्रवार पेठेमार्गे जाता येते. सूर्योदयाच्या सुमारास पोहोचावे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती अशा पाच प्रवाहांची ही पंचगंगा प्रयाग चिखलीच्या संगमावरून शहराला वळसा घालत येते आणि पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कार्तिकात पावसाळ्याचे गढूळपण सरलेले असते, घाटाच्या पायऱ्या आणि पात्रालगतची दगडी देवळे उघडी पडलेली असतात, आणि ब्रिटिश अमदानीतल्या शिवाजी पुलाच्या कमानी सकाळच्या उन्हात स्वच्छ दिसतात. आईंना खालपर्यंत उतरवण्याचा आग्रह मात्र धरू नये. पाण्याजवळच्या पायऱ्यांवर शेवाळ असते, आणि वरच्या टप्प्यावर बसूनही नदीचे सगळे वळण नजरेत येते. स्नानाचा बेत असल्यास तो सोडावा, असे मी स्पष्टच सांगेन. गावांचे सांडपाणी आणि कारखान्यांची मळी ही नदी वर्षानुवर्षे सोसत आली आहे, तेव्हा हात जोडणे पुरे. ओटीची फुले आणि निर्माल्यही पाण्यात सोडू नये.

आपला मुक्काम त्रिपुरी पौर्णिमेला जुळून येत असेल, तर बाकी सारे बेत बदलावेत, पण ती पहाट चुकवू नये. अंधार असतानाच माणसे पणत्या, तेल आणि रांगोळी घेऊन घाटावर येतात आणि उजाडेपर्यंत सगळ्या पायऱ्या हजारो दिव्यांनी भरून जातात. त्या दिवशी गर्दी फार असते. आईंसाठी लवकर पोहोचून वरच्या बाजूला जागा धरावी.

दुपारी विश्रांती घेऊन उन्हे कलल्यावर रंकाळ्याकडे निघावे. देवळापासून तो पश्चिमेला आहे, त्यामुळे शहराच्या बाजूच्या काठावर बसले की सूर्य पाण्यापलीकडे मावळताना दिसतो. रंकाळा मूळचा दगडाची खाण होता आणि भूकंपानंतर तिथे पाणी भरले, अशी परंपरागत समजूत आहे. नाव आले ते रंकभैरवावरून. पलीकडच्या काठावर दिसते ती घड्याळाच्या मनोऱ्याची इमारत म्हणजे १९३१ ते १९३४ या काळात बांधलेला शालिनी पॅलेस. तो बाहेरूनच पाहायचा, अशी तयारी ठेवावी. शिवाजी पेठेच्या अंगाला पाण्यात दगडी संध्यामठ आहे. पाणी जितके उतरेल तितका तो वर दिसतो, कार्तिकात बहुधा थोडाच. मुलाला काठावरचा नंदी आवर्जून दाखवावा. हा नंदी रोज गव्हाएवढा पुढे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो, आणि तो ज्या दिवशी तळ्याला पोहोचेल त्या दिवशी जगबुडी होईल, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दहा वर्षांचे मूल गहू आणि तांदूळ यांतला फरक मोजत बसेल, आणि तेवढ्या वेळात आईंना चौपाटीवर निवांत बसता येईल. भेळेचा सल्लाही चुकीचा नाही; ती अंधार पडल्यावर खावी. परतताना गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर थांबल्यास समोर काढलेले म्हशीचे धारोष्ण दूध मिळते, तोही या शहराचा जुना रिवाज आहे.

प्रश्न : आमचे येणे जुलैच्या अखेरीस ठरले आहे. पावसाळ्यातली भरलेली पंचगंगा घाटावरून पाहता येईल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : त्या दिवसांत बहुधा घाटच पाण्याखाली असतो. नदीची उंची कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर फुटांत मोजली जाते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी ५५ फुटांच्याही वर गेले होते. भोगावतीवरच्या राधानगरी धरणाला ७ स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरले की ते पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात, त्यामुळे शहरात पाऊस थांबलेला असतानाही नदी चढत राहू शकते. ‘बंधाऱ्यावर किती फूट?’ हे येण्याच्या आदल्या दिवशी जरूर विचारून घ्यावे. आकडा ३९ च्या जवळ असल्यास प्रवास पुढे ढकलावा, कारण पूर वाढला की शहराकडे येणारे रस्तेही बंद होतात. पाणी त्याहून बरेच खाली असले, तरी भिजलेल्या पायऱ्यांवर न उतरता दूरूनच नदी पाहावी आणि बाकीचा वेळ रंकाळ्याच्या काठाला द्यावा.