व्हीममध्ये ईएसएक्सआय होस्ट एकेक जोडावेत की व्हीसेंटर? आणि ९०२ पोर्टची एरर का येते?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कारखान्यात तीन ईएसएक्सआय होस्ट (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम चालवणारे सर्व्हर) आहेत, त्यांवर व्हीसेंटर (सगळे होस्ट एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) आहे. व्हीम बॅकअप अँड रेप्लिकेशन या बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये तिन्ही होस्ट रूटचा (होस्टच्या मुख्य खात्याचा) पासवर्ड देऊन वेगवेगळे जोडलेत. काही व्हीएम अधूनमधून जॉबला (ठरलेल्या वेळी चालणाऱ्या बॅकअपच्या कामाला) सापडतच नाहीत, आणि तिसऱ्या होस्टवरच्या व्हीएमना ९०२ पोर्टची एरर येते. म्हणून तुम्ही व्हीसेंटर जोडून एक चाचणीचा जॉब केला, तर तीच एरर एका रात्री या व्हीएमला आणि दुसऱ्या रात्री त्या व्हीएमला येऊ लागली. यातलं बरोबर काय, आणि जुन्या बॅकअपचं काय करायचं?

व्हीसेंटरच जोडा. तुमची एरर मात्र त्याने जाणार नाही, कारण ती वेगळ्या जागची आहे. दोन्ही गोष्टी नीट सांगतो.

व्हीम एखादी व्हीएम तिच्या नावावरून ओळखत नाही. प्रत्येक व्हीएमला एक आतला ओळख क्रमांक असतो, त्याला मोरेफ म्हणतात. व्हीसेंटरकडे तो ‘व्हीएम-१०४२’ अशा धाटणीचा असतो, तर एकट्या होस्टकडे त्याच व्हीएमचा क्रमांक नुसता १४ वगैरे असतो. तुम्ही होस्ट वेगळे जोडले, म्हणजे जॉबमध्ये ‘दुसऱ्या होस्टवरची १४ क्रमांकाची व्हीएम’ अशी नोंद झाली. डीआरएसने (व्हीएम आपोआप या होस्टवरून त्या होस्टवर हलवणाऱ्या सोयीने) किंवा तुम्ही हाताने ती व्हीएम व्हीमोशन करून, म्हणजे चालू असतानाच, तिसऱ्या होस्टवर नेली की दुसऱ्या होस्टवर ती उरत नाही आणि जॉबला सापडत नाही. व्हीसेंटरच्या हिशेबात मात्र ती कुठल्याही होस्टवर गेली तरी क्रमांक तोच राहतो. व्हीएम गायब होण्याचं कोडं इथेच सुटतं.

यातूनच एक पथ्य निघतं. व्हीएम इन्व्हेंटरीतून काढून पुन्हा नोंदवली की व्हीसेंटरही तिला नवा क्रमांक देतं. व्हीमच्या लेखी ती नवी व्हीएम ठरते आणि रात्री तिची पूर्ण प्रत घेतली जाते. एखादी अडकलेली व्हीएम सोडवायला ही युक्ती सर्रास वापरली जाते, पण रिपॉझिटरीत (बॅकअप साठवतो त्या ठिकाणी) जागा आहे का हे पाहिल्याशिवाय करू नका.

आता ९०२. व्हीममध्ये सर्व्हर जोडताना शेवटी सगळं हिरवं दिसतं, व्हीएमची यादी येते, आणि आपण समजतो की जोडणी झाली. प्रत्यक्षात तोवर फक्त ४४३ पोर्टवरचं बोलणं झालेलं असतं. त्या वाटेने व्हीम यादी मागतं, स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची गोठवलेली स्थिती) घ्यायला सांगतं, नंतर तो काढायला सांगतं. डिस्कमधला डेटा त्या वाटेने येत नाही. नेटवर्क मोडमध्ये बॅकअप प्रॉक्सी (डेटा वाचून पुढे पाठवणारी व्हीमची मशीन) ज्या होस्टवर व्हीएम चालू आहे त्या होस्टशी थेट ९०२ पोर्टवर बोलते आणि तिथून ब्लॉक वाचते. व्हीसेंटर या वाटेत मध्ये नसतं. तुम्ही व्हीमला फक्त व्हीसेंटरचा पत्ता दिला असला तरी प्रत्येक प्रॉक्सीकडून प्रत्येक होस्टकडे ९०२ उघडं लागतंच.

तुमची एरर फिरती का झाली हे यावरून कळेल. तिसऱ्या होस्टकडची वाट बंद आहे. होस्ट वेगळे जोडलेले असताना एरर कायम त्याच व्हीएमना यायची. व्हीसेंटर जोडल्यावर जी व्हीएम त्या रात्री तिसऱ्या होस्टवर असेल तिला येते. व्हीएममध्ये दोष शोधू नका. एरर आली त्या वेळी ती व्हीएम कुठल्या होस्टवर होती, ते व्हीसेंटरच्या इव्हेंट्समध्ये पाहा. माझा अंदाज आहे की दर वेळी तिसराच होस्ट निघेल.

वाट बंद असण्याची नेहमीची कारणं दोन. एक म्हणजे फायरवॉल: होस्टचं मॅनेजमेंट नेटवर्क एका व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागात) आणि बॅकअप दुसऱ्यात असतं, नियम लिहिताना दोन होस्टचे आयपी टाकले जातात आणि नंतर आलेला तिसरा राहून जातो. दुसरं डीएनएस. व्हीसेंटरमध्ये होस्ट ज्या नावाने नोंदवला आहे तेच नाव ते प्रॉक्सीला देतं. प्रॉक्सीला त्या नावाचा आयपी सापडला नाही तर पोर्ट उघडं असूनही काही उपयोग नाही. पॉवरशेलमधली टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड होस्टचं पूर्ण नाव आणि ९०२ देऊन चालवा म्हणजे दोन्ही एकदम तपासून होतात. पण ती प्रॉक्सीवरून चालवा. आपल्या लॅपटॉपवरून चालवून ‘पोर्ट उघडं आहे’ असं सांगणारे खूप भेटतात, आणि लॅपटॉप ज्या नेटवर्कमध्ये असतो तिथून सगळंच उघडं असतं.

प्रॉक्सी व्हीएम असेल तर हॉटअॅड मोड वापरता येतो. त्यात स्नॅपशॉटची डिस्क थेट प्रॉक्सीला जोडली जाते आणि डेटा स्टोरेजच्या वाटेने वाचला जातो. हे बहुधा वेगवान पडतं. नेटवर्क मोडची मर्यादा साधी आहे: १ गिगाबिटच्या मॅनेजमेंट जाळ्यावर सेकंदाला १०० एमबी मिळाले तरी २ टीबीच्या पहिल्या पूर्ण प्रतीला साडेपाच तास लागतात. पुढे सीबीटीमुळे (कुठले ब्लॉक बदलले याची नोंद ठेवणाऱ्या सोयीमुळे) फक्त बदललेले ब्लॉक वाचले जातात, तेव्हा रोजचं काम हलकं होतं. हॉटअॅड घेतलं तरी ९०२ उघडंच ठेवा, कारण ते जमलं नाही तर व्हीम नेटवर्क मोडवर येतं.

हॉटअॅडमधली एक गोष्ट कळकळीने सांगतो. जॉब मध्येच तुटला तर कधी कधी दुसऱ्या व्हीएमची डिस्क प्रॉक्सीला चिकटलेली राहते. मग त्या मूळ व्हीएमवर ‘कन्सॉलिडेशन हवं’ (उरलेले स्नॅपशॉट मूळ डिस्कमध्ये मिसळा) असा इशारा दिसतो आणि ते काही केल्या होत नाही. अशा वेळी प्रॉक्सीच्या सेटिंगमधून ती डिस्क काढावी लागते. काढताना ‘डेटास्टोअरमधून फाइल्सही पुसा’ ही खूण केलेली नाही ना, हे दोनदा पाहा. ती डिस्क प्रॉक्सीची नाही, तुमच्या चालू सर्व्हरची आहे.

खात्याबद्दल. रूट आणि व्हीसेंटरचा मुख्य अॅडमिनिस्ट्रेटर, दोन्ही बॅकअपसाठी वापरू नका. व्हीसेंटरमध्ये वेगळं खातं करा, त्याला वेगळा रोल द्या. रोलमध्ये स्नॅपशॉट करणं-काढणं, डिस्क चेंज ट्रॅकिंग, डिस्क वाचण्याची परवानगी आणि हॉटअॅडसाठी डिस्क जोडणं-काढणं हे मुख्य. पूर्ण यादी व्हीमच्या परवानग्यांच्या दस्तऐवजात आहे, तीच वापरा. रिस्टोअरला यापेक्षा जास्त अधिकार लागतात हेही तिथे दिसेल. परवानगी सगळ्यात वरच्या पातळीवर द्या आणि खालपर्यंत लागू करा. नुसत्या एका फोल्डरवर दिली तर व्हीएम दिसतात, पण डेटास्टोअर नाही.

हे खातं इतकं महत्त्वाचं का, तर बॅकअप सर्व्हरवर तुमच्या सगळ्या होस्टच्या किल्ल्या साठवलेल्या असतात. मार्च २०२३ मध्ये व्हीममधली सीव्हीई-२०२३-२७५३२ ही त्रुटी जाहीर झाली. ९४०१ पोर्टपर्यंत पोहोचणाऱ्या कुणालाही लॉगिन न करता त्या साठवलेल्या पासवर्डपर्यंत जाता येत होतं. २०२४ मधली सीव्हीई-२०२४-४०७११ रॅन्समवेअर टोळ्यांनी प्रत्यक्ष वापरली. दोन्हींवर पॅच आले, पण पॅच लावलेला नसेल आणि आत रूटचा पासवर्ड असेल, तर होस्ट आणि बॅकअप एकाच दिवशी जातात. म्हणून पॅच वेळेवर लावा, आणि बॅकअप सर्व्हर कारखान्याच्या रोजच्या डोमेनमध्ये जोडू नका.

४४३ आणि ९०२ नंतरची तिसरी वाट व्हीएमच्या आत जाते. एसक्यूएलसारखा डेटाबेस असेल तर अॅप्लिकेशन-अवेअर प्रोसेसिंग (डेटाबेस सुसंगत स्थितीत आणून प्रत घेणं) चालू करा आणि त्या विंडोजचं खातं द्या. नेटवर्कने आत जाता आलं नाही तर व्हीएमवेअर टूल्समधून जाण्याची सोय आहे.

व्हीसेंटर जोडताना सर्टिफिकेटचा थंबप्रिंट (ते ओळखायचा छोटा ठसा) स्वीकारावा लागतो. पुढे कधी सर्टिफिकेट बदललं की एका सकाळी सगळे जॉब एकदम लाल दिसतील. तेव्हा घाबरून सर्व्हर काढून पुन्हा जोडू नका. त्याच नोंदीचे गुणधर्म उघडून पुढे-पुढे जा, नवा थंबप्रिंट तपासून स्वीकारा, बस.

हे वाचणाऱ्या कुणाकडे एकच फुकट परवान्याचा ईएसएक्सआय असेल तर त्यांच्यासाठी: तो परवाना फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झाला आणि एप्रिल २०२५ मध्ये ८.० अपडेट ३ई सोबत परत आला, पण बॅकअपला लागणारे एपीआय (बाहेरच्या सॉफ्टवेअरला होस्टशी बोलू देणारी दारं) त्यात मिळत नाहीत. होस्ट जोडण्यात वेळ घालवू नका, व्हीएमच्या आत एजंट (आतूनच बॅकअप घेणारा प्रोग्राम) टाका.

व्हीसेंटरवर सगळं सोपवल्यावर एक प्रश्न उरतो: व्हीसेंटरच बंद पडलं तर? त्याची व्हीएम परत आणायला व्हीसेंटरच लागतं, असा तो गुंता आहे. तेव्हा एखादा होस्ट तात्पुरता वेगळा जोडून त्यावर रिस्टोअर करायचा. तो आधीच व्हीसेंटरखाली नावाने दिसत असेल तर आयपी पत्त्याने जोडा. म्हणून होस्टचे रूट पासवर्ड बंद पाकिटात का होईना, पण हाताशी ठेवा. डिस्ट्रिब्युटेड स्विच (व्हीसेंटरमधून सगळ्या होस्टसाठी चालणारा एकच व्हर्च्युअल स्विच) वापरत असाल तर मॅनेजमेंटच्या व्हीलॅनवर इफेमरल प्रकारचा एक पोर्ट ग्रुप (व्हीएम जोडायच्या पोर्टचा गट) आजच करून ठेवा. व्हीसेंटर बंद असताना थेट होस्टवरून व्हीएम अशाच पोर्ट ग्रुपला जोडता येते, इतर प्रकारच्या नाही. शिवाय व्हीसेंटरच्या ५४८० पोर्टवरच्या मॅनेजमेंट पानावर त्याचा स्वतःचा फाइल बॅकअप आहे, तोही रोज दुसऱ्या मशीनवर जाऊ द्या.

आता जुने बॅकअप. व्हीसेंटरमधून निवडलेल्या व्हीएमचे क्रमांक वेगळे, म्हणून सगळ्यांची पूर्ण प्रत पुन्हा घेतली जाईल. आधी रिपॉझिटरीत तेवढी जागा मोजा. मग ९०२ आणि डीएनएस तिन्ही होस्टसाठी नीट करा, व्हीसेंटरमधून नवे जॉब बनवा, त्यांच्या वेळा वेगवेगळ्या ठेवा आणि जुने जॉब बंद करा, पुसू नका. नव्या बॅकअपच्या साखळीतून एक व्हीएम वेगळ्या नावाने, नेटवर्क काढून उभी करून पाहा. ती चालू झाली, लॉगिन झालं, डेटाबेस उघडला, की मग जुने जॉब काढा. जुन्या फाइल्स तुमच्या ठरलेल्या मुदतीपर्यंत तशाच असू द्या, त्यातून रिस्टोअर करता येतो. मुदत संपल्यावर त्या आपोआप जातील असं धरून चालू नका, कारण त्यांचा जॉब उरलेला नाही. तेव्हा ‘डिस्कवरून पुसा’ निवडा. शेजारचा ‘कॉन्फिगरेशनमधून काढा’ हा पर्याय फक्त नोंद काढतो, फाइल्स आणि त्यांनी अडवलेली जागा तशीच राहते.