गुहांच्या अभ्यासाकडे भौतिकशास्त्रातून जाणारी वाट

सप्रेम नमस्कार.

तापमान आणि भूजलाचा प्रवाह यांमुळे नैसर्गिक गुहांचा आकार कसा बदलतो, याचा अभ्यास करण्याची भौतिकशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या आपल्या मुलीची इच्छा आहे. त्यासाठी तिने भूविज्ञानाची पदवी पहिल्यापासून घ्यावी का आणि या विषयावर चरितार्थ चालेल का, असे आपण विचारले आहे.

पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. चुनखडीतील गुहा कार्बन डायऑक्साइड विरघळलेल्या पाण्याने कोरली जाते, हे रसायनशास्त्र झाले. तिचा आकार पुढे बिघडतो तो मुख्यतः भौतिकशास्त्राच्या नियमांनी. गुहा पाण्याने भरलेली असताना छताचा काही भार पाणी पेलते, आणि चुनखडीची घनता पाण्याच्या सुमारे अडीच पट असल्याने हा वाटा एक तृतीयांशाहून अधिक भरतो. भूजलाची पातळी उतरली की तो आधार सुटतो, थर वाकतात आणि कधी छतच कोसळते.

तापमानाचा परिणाम अधिक गुंतागुंतीचा आहे. गुहेच्या तोंडाशी ते ऋतूनुसार बदलते, खोलवर मात्र वर्षभर जवळपास स्थिर राहते. तोंडाजवळच्या एखाद्या भेगेवर भेगमापक बसवला, तर थंडीत खडक आकसून ती रुंदावल्याचे आणि उन्हाळ्यात पुन्हा मिटत आल्याचे दिसते. वर्ष उलटूनही भेग मूळ रुंदीवर येत नसेल, तर उरलेला तो मिलिमीटरचा अंश चिंतेचा असतो, कारण तेथे खडक कायमचा सरकलेला असू शकतो. हा अंश वेगळा काढायचा, तर त्याच काळातील तापमानाच्या आणि पाणीपातळीच्या नोंदी शेजारी ठेवून गणित मांडावे लागते. मला तरी या विषयाचे मर्म येथेच दिसते.

केवळ गुहांवरच्या नोकऱ्या थोड्या आहेत, हे मी लपवत नाही. परंतु बोगदे, धरणे, खाणी आणि भूजल व्यवस्थापन यांत हेच कौशल्य लागते. म्हणून तिने भूजलशास्त्र किंवा खडकांचे यांत्रिकी (भाराखाली खडक कसे वाकतात वा तुटतात याचे शास्त्र), यांपैकी एका विषयात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे, खडक ओळखण्याचा पायाभूत अभ्यासक्रम जोडीला ठेवावा आणि संगणकीय प्रतिमाने (मॉडेल) स्वतः लिहायला शिकावे. प्रवेशापूर्वी तिने मार्गदर्शकांना एवढे अवश्य विचारावे, की त्यांचे विद्यार्थी प्रत्यक्ष गुहेत मोजमापे घेतात का, आणि पाणी अचानक वाढल्यास बाहेर पडण्याची व्यवस्था काय असते. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपणही जातीने ऐकावे.