कापतात म्हणून ती ‘कडी’?

प्रश्न असा आला आहे : ‘बेळगावातल्या शहापूरच्या सराफ गल्लीत कारागिराला विचारलं, काय चाललंय? तो म्हणाला, “कड्या कापायलोय.” कानडीत “कडि” म्हणजे काप, तोड. मग कापून होते ती कडी, असं आहे का?’

बेळगावात राहणाऱ्याला ही शंका यायलाच हवी. एका कानात मराठी, एका कानात कानडी. शिवाय कडी, म्हणजे दागिन्याचे भाग जोडणारं तारेचं बारीक वलय, होते ती खरोखर कापूनच. जंतरातून (तार बारीक करायच्या भोकांच्या पट्टीतून) ओढलेली तार तापवून मऊ करायची, सळईवर वेढ्याला वेढा चिकटवून गुंडाळायची आणि ते वेटोळं बारीक करवतीनं उभं कापायचं. जितके वेढे तितक्या कड्या. पक्कडीनं तोडली तर तारेचं टोक चिमटून निमुळतं होतं आणि तोंडाला तोंड भिडत नाही. म्हणून करवत. सळई ४ मिलिमीटरची आणि तार १ मिलिमीटरची असेल, तर कडी आतून ४, बाहेरून ६ भरते.

तरीही शब्द कानडी ‘कडि’वरून आलेला नाही. संस्कृत ‘कटक’ म्हणजे वलय, हातातलं कडं. ‘घोटक’चा घोडा झाला, तसं ‘कटक’चं कडे झालं आणि लहान कडे ती कडी, सुरा-सुरी, लोटा-लोटी तशी जोडी. हिंदीतही कड़ा-कड़ी आहेच, तिथं कानडी कुठून पोचणार? दाराच्या कडीला तर कुणी कापत नाही. गंमत म्हणजे कानडीतलं ‘कडग’, हातातलं कडं, तेही याच ‘कटक’चं. म्हणजे नातं आहे, पण तुम्ही शोधलंत त्या घरात नाही, शेजारच्या घरात. (कडीपाटातली कडी म्हणजे लाकडी तुळई. ती वेगळी, इथं नको.)

मला तुमच्या प्रश्नातलं क्रियापद जास्त आवडलं. कारागीर कडी बिनदिक्कत ‘कापतो’. तीच कडी मंगळसूत्रात बसली की भाषा बदलते. तिचं तोंड उघडून वाटी निसटली, तर बाई दुकानात येऊन ‘तुटलं’ म्हणत नाही, ‘मंगळसूत्र वाढलंय, बघा की जरा’ म्हणते. बांगडीही फुटत नाही, वाढते. अशुभ शब्द तोंडातून काढायचा नाही, एवढंच. मी स्वतः एकदा गिऱ्हाइकांच्या गर्दीत ‘तुटलं’ म्हणून बसलो आणि आईनं तिथंच डोळे वटारले.

कडी उघडतानाही ती ताणून फाकवत नाहीत. दोन टोकं एक पुढं, एक मागं अशी पिळतात, म्हणजे मिटताना गोलाई राहते. कायमची मिटवायची तर झाळतात, म्हणजे धातू वितळवून सांधतात. या कामाला ‘कडी जोडणे’ म्हणा किंवा ‘कडी झाळणे’, दोन्ही मराठीच. ‘कडी कापणे’ही बरोबर, फक्त कारागिराच्या पाटापाशी.